लालासाहेब रिकामे होत नाहीत

सोमवार, ५ नोव्हेंबर १९७९. संध्याकाळी.

आजपासून रोज खरं तेवढंच लिहायचं. ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे फुशारकीला वाव नाही. मी मुळातच फुशारकी मारणारा माणूस नाही, हे विजयमालासुद्धा कबूल करील. (विचारलं. "बघू" म्हणाली.)

तर खरं ते असं. आपल्या कारखान्याचा उसाचा काटा आज मायक्रोप्रोसेसरवर चालला. प्रोग्रॅम संपूर्ण माझा. पुण्याला तीन आठवड्यांचा कोर्स केला, परत येऊन एकेक सूचना हाताने लिहिली, तिचे आकडे केले, पुण्याला जाऊन ते चिपमध्ये भरून आणले. सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालो त्याचं आज बावीस वर्षांनी चीज झालं.

पद्धत अगदी सोपी. उसाची गाडी भरून काट्यावर येते. काट्याचा क्लार्क कृष्णात गाडीचा नंबर दाबतो आणि 'भरती' बटण दाबतो. यंत्र नंबर आणि वजन मेमरीत ठेवतं. गाडी गव्हाणीवर ऊस टाकून परत येते. पुन्हा नंबर, मग 'रिकामी' बटण. यंत्र वजाबाकी करतं, ऊस किती ते लाल आकड्यांत दाखवतं आणि ती गाडी मेमरीतून पुसून टाकतं. मेमरीत चाळीस गाड्यांची जागा ठेवली आहे. आत गेलेल्या आणि अजून बाहेर न पडलेल्या गाड्या एका वेळी तीसच्या वर नसतात. बाभळीखाली बसून मी स्वतः मोजल्या आहेत. त्यामुळे 'जागा भरली का' ही तपासणी प्रोग्रॅममध्ये घातली नाही. जे होणारच नाही त्याची तपासणी कशाला? एकच तपासणी घातली: रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्या गाडीपेक्षा कमी नसेल तर यंत्र ते घेत नाही. ही तपासणी मला फार आवडते.

चेअरमन आप्पासो येऊन बघून गेले. सुपारी कातरत म्हणाले, निकम, अठ्ठावीस डिसेंबरला सगळं संचालक मंडळ काट्यावर येतंय. मशीन चाललं तर तुमी कायमचं इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी. न्हाई चाललं तर नदीवर तुमचा पंप हायेच की.

पंपहाऊसवर बारा वर्षं काढली. ओल, बेडूक आणि एक बटण. परत जाणार नाही.

सांगलीच्या पेंटरकडे पाटी टाकली आहे: 'श्री. निकम, इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी'. घाई म्हणून नाही. पेंटर वेळ लावतो म्हणून.

बुधवार, ७ नोव्हेंबर

मनात शंका आली: यंत्र खरं बोलतं हे कशावरून? माझंच आहे म्हणून विश्वास ठेवणं हा पक्षपात झाला. म्हणून रोज सकाळी ठाऊक वजन काट्यावर ठेवून यंत्राची परीक्षा घ्यायची.

ठाऊक वजनं स्टोअरमध्ये कुलपात आणि स्टोअरकीपर रजेवर. गेटवरचे हवालदार लालासाहेब पुढे झाले. फौजेतून निवृत्त होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली. म्हणाले, साहेब, मला उभा करा. बूट, पट्टा, कोट, काठी धरून ऐंशी किलो. पलटणीत होतं तेवढंच हाय. शिपायाचं वजन हलत न्हाई.

बाजारातल्या भुसार दुकानाच्या काट्यावर नेऊन ताडून पाहिलं. ऐंशी. हलत नाही.

लालासाहेबांना ८०० नंबर दिला (या नंबरची गाडी नाही). ते काट्यावर सावधान उभे राहिले. कृष्णातने ८०० दाबलं, 'भरती' दाबलं. यंत्राने ऐंशी दाखवलं. लालासाहेबांनी यंत्राला सॅल्यूट केला. मलाही भरून आलं.

लेखी हुकूम काढला: परीक्षा माझ्या समक्षच व्हावी. दुसऱ्या कोणी घेतली तर तिला अर्थ नाही.

शनिवार, १० नोव्हेंबर

दुपारी लाईट गेली. यंत्र सगळं विसरलं. आत गेलेल्या गाड्यांचं भरतीचं वजन गेलं. गाडीवान काट्यापुढे जमले. आटपाडीकडच्या टोळीची मुकादमीण हरणाबाई सगळ्यांत पुढे. म्हणाली, सायेब, तुमच्या मशीनला ध्यान न्हाई तर माझ्या बैलास्नी इचारा, त्यांच्या मानंला म्हाईत हाय किती ओढलं ते.

मनाला लागलं. विसराळूपणा यंत्राला शोभत नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

ट्रकची बॅटरी जोडली. लाईट गेली तरी मेमरी जिवंत. आता हे यंत्र काहीही विसरणार नाही. काहीही म्हणजे काहीही.

आज दुपारी लाईट गेली, तेव्हा एकही गाडीवान ओरडला नाही. हरणाबाई "आता कसं" म्हणाली. तिच्या भाषेत हे प्रशस्तिपत्र.

बुधवार, २१ नोव्हेंबर

वाईट दिवस. सकाळी गर्दी होती. हरणाबाईची रिकामी गाडी काट्यावर आली, कृष्णातने बटण दाबलं आणि यंत्राचे सगळे आकडे एकदम पेटले, विझले, पुन्हा पेटले. मग स्थिर झाले. हरणाबाईने आणलेला ऊस: उणे दोन टन.

हरणाबाईने वाचून घेतलं आणि विचारलं, म्हंजी कारखान्याचा ऊस मीच पळवून चाललेय व्हय?

यंत्र बंद करून, बॅटरी काढून, पुन्हा जोडून सुरू केलं. सुरळीत. आतल्या गाड्यांची वजनं अंदाजाने भरली, त्यावर तासभर भांडण.

रात्री उशिरापर्यंत विचार केला. माझं काही चुकलं का? अगदी निष्ठुरपणे स्वतःकडे पाहिलं. नाही.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

निश्चय: यंत्रावरची देखरेख वाढवायची. लालासाहेबांची परीक्षा दिवसातून तीनदा.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

पुन्हा कोसळलं. या वेळी यंत्राने एका गाडीवानाला नुसतेच आठ आठ आठ दाखवले. तो नमस्कार करून गेला.

कारण सापडलं आहे असं वाटतं. मिलच्या मोठ्या मोटारी सुरू होताना ठिणग्या उडतात, त्यांच्या लहरी हवेतून यंत्रात शिरतात. उपाय: काट्याच्या केबिनला सगळीकडून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावून ती जमिनीत पुरणे. लहरी जाळीत अडकतात. फिजिक्स.

जाळी लावली. कृष्णात आत बसतो. येता-जाता गाडीवान त्याला जाळीतून उसाची कांडी दाखवतात. तो मला म्हणाला, साहेब, मशीनसाठी जाळी हाय ते कळलं, पर दाराला बाहेरनं कडी कशापायी?

कडी नसली तर लहरी दारातून शिरतील. त्याला पटलं नाही.

जाळीची खात्री करायला परीक्षा दर दहा गाड्यांमागे एक केली. लालासाहेब उत्तम सहकार्य करत आहेत. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत एकच घास खाल्लं म्हणे. बायकोला सांगितलं, माझं वजन आता कारखान्याचं हाय.

शनिवार, १ डिसेंबर

कोसळलं. जाळी असूनही. जाळी दुहेरी केली.

रविवार, २ डिसेंबर

कोसळलं. कृष्णात जाळीतून दिसेनासा झाला आहे.

सोमवार, ३ डिसेंबर

कोसळलं. जाळी काढली. परीक्षा दर पाच गाड्यांमागे एक. काट्यावर गाड्यांपेक्षा लालासाहेबच जास्त वेळा चढतात असं कृष्णात म्हणाला. अतिशयोक्ती करण्याची त्याला सवय आहे.

बुधवार, ५ डिसेंबर. विटा.

विजयमालाच्या चुलतभावाचं लग्न. तीन दिवस रजा. जीव काट्यावर.

तिचा भाऊ सयाजी कोईमतूरला गलाईचं दुकान चालवतो, सोनं गाळतो. पंगतीत शेजारी बसला होता. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, दाजी, आमच्या तराजूजवळ आमी जोरात श्वाससुद्धा घेत न्हाई. तुमी तराजूपाशी जास्त वेळ तर थांबत न्हाई ना?

सोनाराला उसाचा काटा काय कळणार. पण वाक्य डोक्यात बसलं.

शनिवार, ८ डिसेंबर

परत आलो. मी नसताना तीन दिवस यंत्र एकदाही कोसळलं नाही.

कृष्णात हसत हसत म्हणाला, साहेब, तुमी गेलासा आन् मशीन पाण्यागत चाललं. हे ऐकून मी स्वतः जाऊन उभा राहिलो, खात्रीसाठी दर पाच गाड्यांमागे परीक्षा सुरू केली, आणि दुपारी चारपर्यंत यंत्र कोसळलं.

गेटवर कुजबुज सुरू आहे. मला कोणी काही बोललं नाही. मात्र चहावाल्याने माझा कप वेगळा ठेवला आहे. बहुधा आदराने.

सोमवार, १० डिसेंबर

शास्त्र हे भावनेवर चालत नाही. मी जवळ असताना यंत्र पडतं, लांब असताना पडत नाही. मग दोष माझ्यात आहे हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. उलट हे मान्य करणारा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही.

दोष म्हणजे स्वभावाचा नव्हे. टेरिलीनच्या शर्टाचा. हिवाळ्याची कोरडी हवा, त्यात टेरिलीन. चालताना अंगावर स्थिर वीज साठते, यंत्राजवळ गेलो की ती उडी मारते आणि मेमरी जळते. आजपासून सुती कपडे, अनवाणी पाय.

विजयमाला म्हणाली, अहो, मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत या आठवड्यात. अनवाणी फिरू नका. तिला विज्ञानाचा संदर्भ लागत नाही.

गुरुवार, १३ डिसेंबर

सुती धोतर, अनवाणी. तरी कोसळलं. म्हणजे वीज पायातून पुरेशी जात नाही. पेट्रोलचे टँकर मागे साखळी जमिनीवर घासत जातात, तेच तत्त्व. स्टोअरमधून बैल बांधायची साखळी आणली, एक टोक कमरेच्या पट्ट्याला, दुसरं जमिनीवर. साखळी जमिनीला सतत टेकली पाहिजे, म्हणून उड्या मारायच्या नाहीत.

काट्यावर आलो तेव्हा गाड्या जागच्या जागी थांबल्या. मग हरणाबाईने विचारलं, सायबाला साखळी कशापायी बांधलीया? चावतो का?

तिच्या टोळीला पुढचा अर्धा तास ऊस उतरवता आला नाही.

यंत्र सव्वादोनला कोसळलं. पाहुणे घरी आले तेव्हा मी साखळीसकट पोचलो. घाईत राहून गेली. नंतर कळवतो म्हणाले.

शनिवार, १५ डिसेंबर

निर्णायक प्रयोग. मी स्वतः काट्यापासून लांब, बाभळीखाली. परीक्षेची वेळ झाली की मी रुमाल हलवायचा. लालासाहेब फौजेत झेंड्यांचे इशारे शिकले आहेत, ते ओळखून काट्यावर चढतात. कृष्णात बटण दाबतो. वजन ते मला दोन्ही हातांनी कळवतात.

दुपारी कोसळलं. म्हणजे माझा प्रभाव बाभळीपर्यंत पोचतो.

रविवार, १६ डिसेंबर

कॅनॉलच्या पलीकडून. कोसळलं.

सोमवार, १७ डिसेंबर

गावच्या शाळेच्या गच्चीवरून, मोठी चादर हलवून. मुलं गोळा झाली. कोसळलं. मास्तरांनी चादर हलवायला बंदी केली.

माझा प्रभाव एवढ्या अंतरावर पोचणं अशक्य आहे. म्हणजे दोष माझा नव्हता. आधीपासून वाटतच होतं. चपला घातल्या.

गुरुवार, २० डिसेंबर

पुण्याला कोर्सच्या सरांना ट्रंक कॉल केला. दोन तास थांबून लागला. सर म्हणाले, निकम, तुमची गाड्यांची यादी भरून वाहते आहे का बघा. यादी वाढून स्टॅकवर चढली की असंच होतं. मी म्हणालो, सर, यादी भरूच शकत नाही, मी बाभळीखाली बसून मोजल्या आहेत. सर म्हणाले, बाभळीखाली काय?

लाईन खरखरत होती. शेवटी म्हणाले, अमेरिकेत आता 'सी' नावाची भाषा आली आहे, तिच्यात लिहिलं तरी लोक हाच घोटाळा करतात. एका अक्षराची भाषा. काय बोलणार.

सर पुण्यात बसून काटा पाहत नाहीत. त्यांचं सुचवणं पुस्तकी आहे.

सोमवार, २४ डिसेंबर

आप्पासोंनी बोलावलं. विचारलं, निकम, अठ्ठावीसला चालंल न्हवं? मी म्हणालो, शंभर टक्के. मग स्वतःला विचारलं: शंभर कशावरून? नव्याण्णव म्हणायला हवं होतं. परत गेलो आणि नव्याण्णव म्हणून आलो. 

पाटी आली. अक्षर सुंदर. 'इलेक्ट्रॉनिक्स'मधला 'क्स' जरा बाहेर गेला आहे, पण वाचता येतं. अजून लावली नाही. विजयमालाने ती पिठाच्या डब्यामागे ठेवली.

गुरुवार, २७ डिसेंबर. दुपारी.

सापडलं!

नीट लिहितो.

उद्या मंडळ येणार म्हणून काल संध्याकाळपासून दर तीन गाड्यांमागे परीक्षा घेतली. यंत्र अजून कोसळलेलं नाही. सहज म्हणून मेमरी वाचायचं बटण दाबून एकेक जागा पाहत गेलो. (हे बटण मीच ठेवलं होतं. वापरण्याची वेळ आली नव्हती, कारण प्रोग्रॅमवर विश्वास होता.) पहिल्या जागेत ८००, वजन ऐंशी. दुसऱ्या जागेत ८००, वजन ऐंशी. मग दोन गाड्या. मग पुन्हा ८००. मेमरीत लालासाहेबांची रांग. सगळे सावधान.

उलगडा असा. गाडी भरून येते आणि रिकामी होऊन जाते, तेव्हा यंत्र तिला पुसतं. लालासाहेब भरून येतात आणि तसेच गेटवर जातात. यंत्र त्यांची वाट पाहत राहतं. मी परीक्षा घेतली की आणखी एक लालासाहेब आत. मेमरीच्या एका टोकाकडून ही यादी वाढते. दुसऱ्या टोकाला स्टॅक आहे: यंत्र हातातलं काम सोडून दुसरीकडे जाताना 'परत कुठे यायचं' ते तिथे लिहून ठेवतं. लालासाहेबांची रांग वाढत वाढत त्या लिखाणावर जाऊन उभी राहिली की यंत्राला परत यायची वाट सापडत नाही. मग ते वाटेल तिकडे जातं आणि हरणाबाईला उणे दोन टन सांगतं. सुरुवातीला लाईट जायची, तेव्हा सगळे लालासाहेब आपोआप पुसले जात. बॅटरी लावल्यापासून एकही विसरला गेला नाही.

आता प्रश्न, दोष कोणाचा. कठोरपणे विचार केला. प्रोग्रॅमचा नाही. जे भरून आलं ते रिकामं होऊन जाईल ही अपेक्षा रास्त आहे. बॅटरीचा नाही. परीक्षेचा तर नाहीच, परीक्षा म्हणजे सचोटी. राहिले लालासाहेब. ते रिकामे होत नाहीत.

विजयमालाला धावत जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, मग रोज उठून त्या हवालदाराला काट्यावर चढवू नका की.

विज्ञानात इतके सोपे उपाय नसतात.

गुरुवार, २७ डिसेंबर. संध्याकाळी.

उद्याची योजना पक्की. मेमरीतला प्रत्येक लालासाहेब रीतसर रिकामा करून बाहेर काढायचा.

यंत्र बंद करून सुरू केलं तर सगळे एकदम जातील, पण आत असलेल्या गाड्यांची वजनंही जातील. आपोआप कोसळणं हा अपघात. मुद्दाम विसरायला लावणं हा अपराध.

अडचण एकच. माझी ती आवडती तपासणी. रिकामं वजन भरलेल्यापेक्षा कमी असल्याशिवाय यंत्र घेत नाही. लालासाहेब पुन्हा उभे केले तर पुन्हा ऐंशीच. कृष्णात म्हणाला, साहेब, काट्यावर कुणीच उभं न ऱ्हाता बटण दाबूया, शून्य येतंय. मी म्हणालो, कृष्णात, मोकळा काटा म्हणजे लालासाहेब नव्हेत. मग म्हणाला, मी उभा ऱ्हातो, माझं पन्नासच भरतंय. मी म्हणालो, ८०० नंबरवर तुझं वजन घेणं ही खोटी नोंद. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

लालासाहेबांनाच हलकं केलं पाहिजे. बूट, पट्टा, कोट, काठी, सदरा, पँट, सगळं उतरवलं तर पाच-सहा किलो कमी भरतं. काटा पाच किलोचा फरक दाखवतो. जमतं.

लालासाहेबांना समजावून सांगितलं. म्हणाले, साहेब, पासष्टच्या लढाईत बर्फात होतो, तवा न्हाई काढली कापडं. पर हुकूम हाय तर काढतो. फेटा मात्र डोक्यावरच ऱ्हाईल.

फेटा राहू द्या म्हणालो. फेट्याचं वजन यंत्राला कळत नाही.

शुक्रवार, २८ डिसेंबर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

मंडळ अकराला येणार होतं. नऊला सुरुवात केली. लालासाहेब बनियन, अर्धी चड्डी आणि फेटा अशा वेशात काट्यावर चढले. थंडी कडाक्याची. कृष्णातने ८०० दाबलं, 'रिकामी' दाबलं. यंत्राने पंचाहत्तर घेतलं, पाच किलो ऊस दाखवला आणि एक लालासाहेब पुसला. मी मेमरी वाचली. खरंच एक कमी. 

मग दुसरा. प्रत्येक वेळी लालासाहेबांनी काट्यावरून उतरून पुन्हा चढणं आवश्यक होतं. एकाच चढण्यात दोनदा बटण दाबणं म्हणजे न झालेलं वजन झालं असं लिहिणं. कृष्णात म्हणाला, कोण बघतंय? मी म्हणालो, मी.

या काळात गाड्या काट्यावर घेता येत नव्हत्या. रांग रस्त्यापर्यंत गेली. हरणाबाई पुढच्याच गाडीवर बसली होती. दर खेपेला ती लालासाहेबांना विचारायची, आवं हवालदार, अजून किती ऊस निघायचाय तुमच्यातनं? लालासाहेब सावधान. दात वाजत होते.

मध्येच गव्हाण रिकामी झाली. ऊस नाही म्हणून मिल थांबली. या हंगामात पहिल्यांदा. भोंगा झाला. मिल थांबली की अख्ख्या कारखान्याचा आवाज जातो, तो इतका मोठा आवाज आहे हे तेव्हाच कळतं. त्या शांततेत मंडळाच्या जीपगाड्या आत आल्या.

आप्पासो उतरले. आधी मिलकडे पाहिलं. मग रांगेकडे. मग काट्यावर फेट्यात आणि चड्डीत सावधान उभ्या असलेल्या हवालदारांकडे. लालासाहेबांनी तशातच सॅल्यूट ठोकला. आप्पासोंचा हात सवयीने वर गेला आणि मध्येच थांबला.

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. स्टॅक, यादी, रांग. म्हणालो, यंत्रात अजून चारच लालासाहेब शिल्लक आहेत. मंडळाने एकमेकांकडे पाहिलं. आप्पासो हळूच म्हणाले, निकम, आधी त्या माणसाला कोट द्या. मी म्हणालो, कोट दिला तर पुन्हा ऐंशी भरेल, साहेब. चारच राहिलेत.

 चारही निघाले. मंडळ उभं राहून बघत होतं. शेवटचा लालासाहेब पुसला गेला तेव्हा गाडीवानांनी शिट्ट्या वाजवल्या.

मग गाड्या सोडल्या. यंत्र एकदाही अडखळलं नाही. हरणाबाईच्या गाडीचं वजन अगदी बरोबर. तिने मंडळासमोर सांगितलं, मशीन ब्येस हाय, त्याला कुणी छळलं न्हाई तर.

मिल सुरू झाली. आप्पासो जाताना म्हणाले, निकम, तुमचं मशीन लय ब्येस हाय. मंडळाला पसंत हाय.

मी जिंकलो. घरी येऊन पाटी पिठाच्या डब्यामागून काढली आणि पुसली.

लालासाहेबांना ताप आहे. त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या बायकोने, बयाबाईने, बसा म्हटलं नाही.

शनिवार, २९ डिसेंबर

मंडळाचा ठराव आला. यंत्र उत्कृष्ट असल्याचं सर्वानुमते मान्य. ते कायम बसवायचं. काटा कृष्णातच्या ताब्यात. काट्यावर माणसं चढवायला बंदी.

ठरावाचा दुसरा भाग: सदर यंत्र अधिकारी जवळ नसतानाच उत्तम चालत असल्याचं काट्याच्या नोंदींवरून मंडळाच्या निदर्शनास आलं आहे. सबब इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी हे पद भरण्याची गरज नाही. श्री. निकम यांनी पूर्वीच्या जागी रुजू व्हावं.

हा निकाल अन्यायाचा आहे का? निष्पक्षपणे विचार केला. एका दृष्टीने हे माझं यशच. अधिकाऱ्याची गरज उरत नाही असं यंत्र फार थोड्यांना करता येतं.

विजयमालाला हे सांगितलं. तिने माझं ताट वाढलं. मग म्हणाली, मुलीच्या पाहुण्यांचा निरोप आला. त्यांना मुलगी पसंत आहे. साखळीचं तेवढं विचारत होते.

सोमवार, ३१ डिसेंबर. पंपहाऊस.

सकाळी रुजू झालो. ओल तशीच. बेडूक बहुधा वेगळे. बटण तेच.

इथला माणूस बिराप्पा म्हणाला, साहेब, तुमी गेल्यापासनं पंप एकदाबी बंद पडला न्हाई. बघा, सुरूच हाय.

खरोखर सुरू होता. आवाज एकसारखा, पाणी भरपूर. कॉलनीला, मिलला, बॉयलरला सगळीकडे पाणी जात होतं.

पण सुरू आहे म्हणजे ठीक आहे असं धरून चालणं मला पटत नाही. खात्री करून घ्यावी म्हणून एकदा बंद करून पाहिला.

तेव्हापासून बिराप्पा आणि मी कारण शोधतो आहोत.